चढावरची मिसिंग आणि अनुमानाचे प्रामाण्य

कार्य दिसते आणि कारण दिसत नाही, अशा वेळी त्या न दिसणाऱ्या कारणाविषयी माणसाला होणारे ज्ञान कितपत विश्वसनीय असते, हा भारतीय प्रमाणशास्त्रातील, म्हणजे ज्ञान कशाच्या आधारे खरे ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्रातील, एक मूलभूत प्रश्न आहे. न्यायदर्शनाने त्याची चर्चा डोंगरावरचा धूर आणि नदीचा पूर या उदाहरणांवर केली. परंतु जुन्या मोटारीच्या इंजिनातही तो तितक्याच काटेकोरपणे तपासता येतो, कारण सिलिंडरच्या आत होणारे ज्वलन कोणाला दिसत नाही आणि त्यातील बिघाड आवाज, धक्के व धूर यांवरूनच ओळखावा लागतो.

मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे उदाहरण घेता येईल. तिचे चार सिलिंडरांचे 1089 सी.सी. इंजिन कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागावर, आणि पॉइंट, कंडेन्सर व कॉइल यांच्या जुन्या प्रज्वलनपद्धतीवर चालते. अशी गाडी उभी असताना शांतपणे चालते, पण बोरघाटाच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबताच धक्के देऊ लागते, तेव्हा मेकॅनिक त्या दोषाला ‘लोडवर मिसिंग’ म्हणतात. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरात मिश्रण न पेटणे किंवा अर्धवट पेटणे. चढावर थ्रॉटल, म्हणजे मिश्रण आत सोडणारी झडप, जास्त उघडते, सिलिंडरात अधिक मिश्रण शिरते, त्यामुळे दाब वाढतो, आणि त्या वाढलेल्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी अधिक व्होल्टेज लागते. कॉइल कमजोर असेल, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला बारीक तडा गेला असेल किंवा प्लगची फट झिजून वाढली असेल, तर ही वाढीव मागणी पुरी होत नाही आणि ठिणगी चुकते.

मात्र हेच कार्य दुसऱ्या कारणानेही घडू शकते. उभ्या गाडीला पेट्रोल कार्बोरेटरच्या लहान जेटमधून मिळते आणि भार पडल्यावर ते मुख्य जेटमधून येते; म्हणून मुख्य जेटमध्ये कचरा अडकला असेल, फिल्टर चोक झाला असेल किंवा पेट्रोल पंपाचा पडदा सैल झाला असेल, तर उभी गाडी निर्दोष वाटते आणि चढावर मात्र अडखळते. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांतील एका आक्षेपाचे स्वरूप नेमके असेच आहे. नदीला पूर आला म्हणून वर पाऊस झाला असे अनुमान केले, तरी प्रवाह कोठे अडवला गेल्यानेही पाणी चढू शकते. तेव्हा कार्यावरून कारण ओळखणारे अनुमान प्रमाण कसे मानावे, असे आक्षेपक विचारतो. त्यावर न्यायाचे उत्तर असे, की नुसता चढलेला पाण्याचा स्तर हा पावसाचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, नव्हेच. फेस, फळे, पाने आणि लाकडे वाहून आणणारा वेगवान पूर हा तो हेतू होय. चूक अनुमानाची नसून अपुऱ्या निरीक्षणाची असते.

इंजिनाबाबतही ‘गाडी मिसिंग करते’ एवढा हेतू अनैकांतिक, म्हणजे एकाहून अधिक कारणांशी जुळणारा, राहतो, आणि त्याला विशेषण लावल्यावाचून तो काहीही सिद्ध करत नाही. ॲक्सिलरेटर दाबताच तीव्र, तुटक धक्के बसत असतील तर संशय प्रज्वलनाकडे जातो; काही अंतर नीट चढल्यावर गाडी हळूहळू दम टाकत असेल तर कार्बोरेटरच्या टाकीतले पेट्रोल संपत असल्याची शक्यता वाढते; चोक किंचित ओढल्यावर, म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवल्यावर, सुधारणा होत असेल तर मिश्रण पातळ पडत असल्याचे सूचित होते; आणि इंजिन तापल्यावरच दोष उद्भवत असेल तर कॉइल व कंडेन्सर यांचा विचार आधी करावा लागतो.

याहून सूक्ष्म धोका उपाधीचा असतो. दोन गोष्टींचे साहचर्य स्वाभाविक नसून एखाद्या तिसऱ्या अटीवर अवलंबून असते, तेव्हा त्या अटीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, उपाधी म्हणतात. अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, कारण त्यासाठी ओले सरपण लागते. इंजिनाच्या तपासणीतही अशी अट नजरेआड होते. प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि ठिणगी पडलेली दिसली, की प्रज्वलन ठीक आहे असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. पण ती ठिणगी मोकळ्या हवेच्या दाबात पडलेली असते, सिलिंडरातल्या दाबात नव्हे. जी परीक्षा दोषाची परिस्थिती वगळून केली जाते ती दोष नसल्याचा पुरावा देऊ शकत नाही, आणि भार ही अशीच वगळली जाणारी अट आहे.

हेतू नेमका झाल्यावर परिशेषाचा उपयोग होतो. न्यायसूत्रांत सांगितलेल्या अनुमानाच्या तीन प्रकारांपैकी शेषवत् याचा एक अर्थ भाष्यकार वात्स्यायनांनी असा दिला आहे, की संभाव्य पर्यायांतून एकेकाचा निरास करावा आणि जो उरेल तो स्वीकारावा. सिलिंडरातील दाब मोजला आणि तो सर्वत्र सारखा भरला, तर व्हॉल्व्ह व पिस्टन रिंग यांवरचा संशय बराच दूर होतो. एका सिलिंडरात तो कमी भरला, तर तेथे थोडे तेल घालून पुन्हा मोजतात, कारण दाब वाढला तर दोष रिंगांचा आणि न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा असतो. एखाद्या प्लगची जोडणी चालू इंजिनात तात्पुरती तोडली आणि तरीही गतीत फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता हे कळते. ही अन्वय-व्यतिरेकाचीच, म्हणजे एक असता दुसरे असते आणि एक नसता दुसरे नसते हे पाहण्याचीच, पद्धत आहे.

तरीही निष्कर्ष योगायोगाने बरोबर निघण्याचा संभव उरतो. बाराव्या शतकातील श्रीहर्षाने खंडनखंडखाद्यात हा प्रश्न तीव्रपणे मांडला आहे: धुक्याला धूर समजून कोणी अग्नीचे अनुमान केले आणि तेथे खरोखरच अग्नी असला, तर त्याला ज्ञान म्हणता येईल का? प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि जेट एकाच वेळी बदलून गाडी सुधारली, तर निदान करणाऱ्याची स्थिती हीच असते. दोष गेला, पण तो कोठे होता हे कळले नाही, आणि म्हणून तो पुन्हा आल्यास आधीची सुधारणा काहीच शिकवत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर गाडी त्याच चढावर, तितक्याच भाराने चालवून पाहावी, ही शिस्त म्हणूनच सोयीचा नियम नसून ज्ञानाची अट आहे.

येथे प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञानाचे खरेपण कशाने ठरते याचा, जुना वाद पुढे येतो. ज्ञान स्वतःच प्रमाण असते, असे मीमांसादर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, मानतात, कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याचा आधार लागला तर त्या साखळीला अंत राहणार नाही. नैयायिकांच्या मते ज्ञानाचे खरेपण बाहेरून, त्यावर आधारलेली कृती सफल झाल्याने, कळते. आणि साखळी अनंत होत नाही, कारण पडताळणी संशय असेल तेथेच लागते. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेची मर्यादाही सांगितली आहे: जी शंका धरली असता माणसाचे स्वतःचे आचरणच विसंगत ठरेल, तेथे शंकेने थांबले पाहिजे. कॉइल बदलल्यावर चढावरची मिसिंग गेली, जुनी कॉइल परत बसवताच ती पुन्हा आली आणि नवी लावताच पुन्हा गेली, तर त्यानंतरही कारण अज्ञात आहे असे म्हणणे हा सावधपणा नव्हे.

न दिसणाऱ्या कारणाचे ज्ञान शक्य आहे; पण ते हेतू नेमका करणाऱ्याला, उपाधी शोधणाऱ्याला, एका वेळी एकच बदल करणाऱ्याला आणि दोष जेथे प्रकटतो तेथेच आपले मत तपासण्याची तयारी असणाऱ्याला मिळते. ज्याने आपला निष्कर्ष भाराखाली तपासलेला नाही, त्याच्याजवळ मत असते, ज्ञान नसते.