बंदिशीचे मोल कोणास द्यावे?

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या 'हिंदुस्थानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तक मालिके'चे सहाही भाग आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विनामूल्य उतरवून घेता येतात. गाणे शिकणारी मुले ते घेतात, क्वचित चार पाने छापून वहीत चिकटवितात आणि पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढण्याचे त्यांना कारण उरत नाही. याविषयी आमच्या मंडळींत दोन तट आहेत. एक म्हणतो, ही चोरी आहे. दुसरा म्हणतो, भातखंडे आता सर्वांचे झाले, मग दाम कशाचे द्यायचे? दोन्ही उत्तरे मला घाईची वाटतात.

प्रथम कायदा पाहू. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे तीच माझी खोड. भातखंडे १९ सप्टेंबर १९३६ रोजी निवर्तले. त्या काळच्या आणि नंतरच्या १९५७च्या कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे टिके. म्हणजे १९८६ अखेर तो संपला. मालिकेचे शेवटचे दोन भाग त्यांच्या निधनानंतर निघाले, त्यांचीही मुदत लवकरच सरली. पुढे १९९१च्या अखेरीस, रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क संपण्याच्या बेतात असता, पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली. पण जे आधीच मोकळे झाले होते ते पुन्हा बांधले गेले नाही. तेव्हा मूळ ग्रंथापुरते दुसऱ्या तटाचे म्हणणे खरे आहे.

पण मूळ ग्रंथ मराठीत आहे, आणि येथेच खरी मेख आहे. ग्वाल्हेरीत गेली कित्येक दशके विद्यार्थ्यांच्या हाती दिसते ती हाथरसच्या संगीत कार्यालयाची हिंदी आवृत्ती. भाषांतर ही कायद्याने स्वतंत्र कृती असते; तिची मुदत भाषांतरकाराच्या आयुष्यावरून मोजायची, भातखंड्यांच्या नव्हे. बंदिश मोकळी, रागाचे मूळ विवेचन मोकळे, पण ते ज्या हिंदीत वाचायचे ती हिंदी मोकळी असेलच असे नाही. आपल्या जुन्या मराठी घरांत ज्याला अजून देवनागरीतील मराठी सहज वाचता येते, त्याला ही मालिका निर्धास्तपणे फुकट घेता येते. त्याच्या नातवाला, जो घरी मराठी बोलतो पण वाचताना अडखळतो, ती सोय नाही. भाषा सुटली की काय काय विकत घ्यावे लागते, याचा हिशेब आपण सहसा करत नाही.

आता कायद्याच्या पलीकडचे. यांतील बहुतेक चीजा भातखंड्यांनी रचल्या नव्हत्या. वकिली सोडून, देशभर हिंडून, रामपूर, जयपूर आणि आपल्या ग्वाल्हेरच्या गवयांकडून त्यांनी त्या मिळविल्या आणि लिहून काढल्या. १९५७च्या कायद्यातील व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे छापलेली वा लिहिलेली रचना. कंठात असलेल्या रचनेला तेथे स्थानच नव्हते. १९९४च्या दुरुस्तीने ही अट गेली. तोवर ज्या खाँसाहेबांच्या घरात ती चीज तीन पिढ्या जपली होती, ते कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हते. ज्याने कागदावर उतरविली त्याचा मात्र हक्क. भातखंड्यांचा हेतू निःसंशय निर्मळ होता, विद्या बंदिस्त राहून मरू नये हाच. तरीही त्या घरांतून गेलेल्या ठेव्याची भरपाई पुस्तकाच्या किमतीतून कधी झाली नाही, आणि आज पुस्तक विकत घेतल्यानेही ती होत नाही. 'मी पुस्तक विकत घेतले, म्हणजे ऋण फेडले' असे म्हणणारा स्वतःची समजूत घालतो.

शिवाय ग्वाल्हेरकरांनी या बाबतीत फार सोवळे होऊ नये. बडे महंमद खाँ यांची तानबाजी हद्दू-हस्सू खाँ या बंधूंनी दौलतराव शिंद्यांच्या कृपेने लपून ऐकून आत्मसात केली, ही आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. ज्याला आपण आपले घराणे म्हणतो, त्याच्या मुळाशीच एक न दिलेली दक्षिणा आहे!

मग छापील आवृत्ती घ्यावी तरी का? माझे उत्तर अगदी व्यावहारिक आहे. भातखंडे लिपीत स्वराखालील टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वरील टिंब म्हणजे तार, आणि खालची आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर. जुन्या, पिवळ्या पडलेल्या प्रतीचे छायाचित्र, त्याची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स, एवढ्या प्रवासात ही रेघ सहज पुसली जाते. भीमपलासीतील गंधाराखालची रेघ गेली की गंधार शुद्ध होतो आणि राग मोडतो. जाणत्याच्या कानाला ते लगेच कळते. नवख्याला कळत नाही. ती रेघ जागेवर आहे ना, हे पाहणाऱ्या संपादकाला आणि मुद्रितशोधकाला पैसे द्यावे लागतात. युरोपात बाखचे संगीत कधीचेच मोकळे झाले आहे, तरी १९५४ ते २००७ अशी त्रेपन्न वर्षे खपून त्याची नवी संशोधित आवृत्ती काढण्यात आली आणि लोक ती घेतात. ते बाखचे मोल नव्हे, तपासणीचे आहे. उलट, जो प्रकाशक जुन्याच चुका नव्या वेष्टनात विकतो, त्याला केवळ कागदाचे दाम मिळावे. नैतिक आग्रह धरण्याचा त्याला अधिकार नाही.

तेव्हा माझा निवाडा असा : मूळ मराठी ग्रंथ घ्यायला काही हरकत नाही, हिंदी आवृत्ती वापरायची तर विकत घ्यावी, आणि गुरूच्या मानधनात मात्र 'सगळे फुकट मिळते' म्हणून कपात करू नये, कारण रेघ पुसल्याचे तोच सांगणार आहे.

एक गोष्ट मात्र या निवाड्यात बसत नाही. १९१८ साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने येथे माधव संगीत विद्यालय निघाले. त्या विद्यालयात शिकलेल्यांच्या जुन्या प्रती कंपूतल्या आणि लष्करातल्या काही घरांत आजही सापडतात, आणि त्यांतील कित्येकांच्या समासात शिकविणाऱ्याने शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा असतात : येथे मींड घे, हा अंतरा आपल्याकडे असा म्हणत नाहीत. या खुणा छापील आवृत्तीत नाहीत आणि पडद्यावरील प्रतीतही नाहीत. त्या कोणाच्या? पुस्तकवाल्या घराच्या, गुरूच्या वारसांच्या, की गाणाऱ्या सर्वांच्या? अशी एक प्रत मला मध्यंतरी पाहायला मिळाली; मालकांनी ती हातात दिली, पण छायाचित्र घेऊ दिले नाही, आणि त्यांना आग्रह करण्याजोगे एकही कारण मला तेव्हा सुचले नाही.