खेळातला शेजार

जपानात २००१ साली निन्टेंडो कंपनीने ‘दोबुत्सु नो मोरी’, म्हणजे प्राण्यांचे रान, हा खेळ काढला. घरच्या टीव्हीला यंत्र जोडून तो खेळावयाचा. त्यात जिंकणे-हरणे नाही. एक गाव, कर्जावर घेतलेले घर, शेजारी प्राणी. आपल्या घड्याळाबरोबरच तिथला काळ चालतो. चार दिवस फिरकले नाही तर तण माजते, अन् शेजारी विचारतो, “होतास कुठे?”

कोणी म्हणेल, ही तर माया! खरेच. पण आपला प्रपंच तरी निराळा काय? उलट खेळणाऱ्याला हा खेळ आहे हे ठाऊक असते. विसरतो ते आपण.

मग उणे कोठे? त्या शेजाऱ्याला भूक नाही, दुखणे नाही. त्याची विचारपूस फुकटची. भिंतीपलीकडची म्हातारी मात्र खरीच खोकते आहे. यंत्र बंद करून तिला तांब्याभर पाणी नेऊन दिले, तर खेळातली सवय सार्थकी लागली. न दिले, तर लटका खेळ नव्हे, लटकी आपली दया.

हीच कसोटी आमच्या टाळ-मृदंगालाही लागू आहे. भजन संपल्यावर हाती काय उरते, ते ज्याचे त्याने पाहावे.

रामकृष्ण हरि!