कारण कळले म्हणून खोटे ठरले का?

मानसशास्त्राच्या पदवी वर्गात सुरुवातीलाच जी प्रात्यक्षिके करून घेतात, त्यांत म्युलर-लायरचा भ्रम हमखास असतो. एका पट्टीवर रेघ काढलेली, तिच्या टोकांना बाणासारखे आत वळलेले कोन. शेजारच्या सरकत्या पट्टीवर दुसरी रेघ, तिचे कोन बाहेर फाकलेले. दोन्ही रेघा सारख्या दिसेपर्यंत पट्टी सरकवायची, मागची मोजपट्टी वाचायची आणि चूक मिलिमीटरमध्ये वहीत टिपायची. एकदा लांब रेघेपासून सुरुवात, एकदा आखूड रेघेपासून, आणि शेवटी सरासरी. फ्रान्झ म्युलर-लायरने हा भ्रम १८८९ मध्ये मांडला. पण या प्रात्यक्षिकाचा जीव सरासरीत नाही. दोन्ही रेघा अगदी समान असल्याचे मोजून झाले, वहीत लिहून झाले, तरी पुन्हा पाहिले की एक रेघ लांबच दिसते. ज्ञान झाले, भ्रम मात्र जागचा हलला नाही.

अद्वैत वेदान्ताने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. दोरीवर दिसलेला साप दिवा आणला की नाहीसा होतो. तो निरुपाधिक भ्रम. जास्वंदीशेजारी ठेवलेला स्फटिक मात्र रंगहीन आहे हे पक्के ठाऊक असूनही लालच दिसत राहतो, फूल बाजूला करेपर्यंत. तो सोपाधिक. प्रयोगशाळेतली रेघ दुसऱ्या जातीची आहे. इथून पुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो अभ्यासक्रमातल्या कुठल्याच पेपरात विचारला जात नाही. ज्या अनुभवाचे कारण मानसशास्त्राने सांगितले, तो प्रत्येक अनुभव भ्रमच असतो का?

वाशीम जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा श्रद्धास्थानांनी भरलेला आहे. कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, आणि त्याच गावात जैनांची जुनी हस्तलिखित भांडारे. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. मंगरुळपीरला बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आहे आणि दर्गाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, सेवालाल महाराजांच्या समाधीपाशी, रामनवमीला देशभरातून बंजारा समाज लोटतो. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्या महाविद्यालयांत येणारी मुले सप्ताह, पारायण, नवस, उपास हे सगळे घरातूनच सोबत घेऊन येतात. नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय आणि दुय्यम विषय अशी रचना आणली. कोणी मानसशास्त्र मुख्य घेवो की दुय्यम, हे सामान वर्गाबाहेर ठेवून येता येत नाही.

वर्गात त्यांना भेटतात स्किनरची कबुतरे. बी. एफ. स्किनरने १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले. कबुतर काय करते याचा दाण्यांशी काहीही संबंध नव्हता. तरीही एक कबुतर पिंजऱ्यात उलट्या दिशेने गिरक्या घेऊ लागले, दुसरे मान कोपऱ्याकडे झोकू लागले. दाणे आले त्या क्षणी जी हालचाल चालू होती, तीच पक्की झाली. स्किनरने याला अंधश्रद्धा म्हटले. हे वाचणाऱ्या मुलीच्या मनात आजीचा नवस येणारच. नातवाचा ताप उतरला, नवस पावला. पुढच्या वेळी पुन्हा नवस.

कबुतराचे स्पष्टीकरण नवसाला लागू पडते, पण काही अंशीच. सवय का टिकते, योगायोग का लक्षात राहतो आणि न पावलेले नवस का विसरले जातात, हे त्यातून नीट कळते. पण आजी नवस बोलते तो दुसऱ्यासाठी. पावल्यावर ती कृतज्ञ होते, चालत जाते, चार माणसांना जेवू घालते. यातले काहीही पिंजऱ्यात घडत नाही. स्पष्टीकरण खरे असूनही अपुरे असू शकते, ही गोष्ट विद्यार्थ्याने पहिल्या वर्षीच शिकायला हवी.

धर्माला भ्रम म्हणणाऱ्या फ्रॉइडचा दाखला अशा वेळी सर्रास दिला जातो. पण १९२७ च्या त्याच्या पुस्तकातला युक्तिवाद लोक समजतात त्याहून सावध आहे. त्याच्या लेखी भ्रम म्हणजे इच्छेतून जन्मलेली धारणा. ती चुकीची असलीच पाहिजे असे नाही. मध्यमवर्गीय मुलीला राजपुत्र वरायला येईल असे वाटते. तसे क्वचित घडतेही. धारणा कशातून आली आणि ती खरी आहे का, हे दोन प्रश्न फ्रॉइडने निदान तत्त्वतः वेगळे ठेवले होते. विल्यम जेम्सने तर एडिंबरोच्या व्याख्यानांत, जी १९०२ मध्ये ग्रंथरूपाने आली, यावरच भर दिला. संत पॉलला मिरगी होती, तेरेसाला उन्माद होता, म्हणून त्यांचे दर्शन निकालात काढायचे, तर मग प्रत्येक वैज्ञानिक सिद्धांतही कुणाच्या तरी मेंदूतूनच निघालेला असतो. सिद्धांत पारखताना आपण शास्त्रज्ञाची प्रकृती तपासत नाही. जेम्सच्या मते अनुभवाची पारख त्याच्या मुळावरून करायची नसते. तो माणसाच्या जगण्यात काय घडवतो यावरून करायची असते.

हा विचार वाशीमसारख्या जिल्ह्यात नेऊन तपासला पाहिजे. अंगात येणे घ्या. नृसिंह सरस्वतींच्या परंपरेतल्या दत्तस्थानांवर, विशेषतः गाणगापुरात, बाधा झालेली मानलेली माणसे आरतीच्या वेळी घुमतात. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत ही वियोजनाची अवस्था आहे, जाणिवेची एरवीची एकसंधता सुटण्याची. म्हणजे प्रत्येक घुमणारी बाई आजारी आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची विकार म्हणून नोंद आहे, पण तिला एक अट जोडलेली आहे: ही अवस्था समाजाने स्वीकारलेल्या सामूहिक धार्मिक प्रथेचा भाग असेल तर तिला विकार म्हणायचे नाही. ती नको असताना येत असेल आणि तिच्यामुळे माणसाचे हाल होत असतील, जगणे अडत असेल, तरच निदान करायचे. देव खरोखर आला की नाही, यावर वर्गीकरण गप्प आहे. ते गप्प राहते ते भीतीपोटी नाही. तो त्याच्या अधिकारातला प्रश्नच नव्हे.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही नेमकी हीच रेघ आखली आहे. हा कायदा व्हावा म्हणून झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने बांधणे, मारणे, चटके देणे, किंवा साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणे हे गुन्हे ठरले. वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना त्याच कायद्याने स्पष्टपणे बाजूला ठेवले. श्रद्धेला हात न लावता छळ थांबवता येतो, हे त्यातून दिसते. तो थांबवला नाही तर काय होते, हे तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली, आणि साखळीने बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण जागच्या जागी जळाले. त्यांच्या घरच्यांची श्रद्धा खोटी होती, असे म्हणण्याची काही गरज नाही. साखळी पुरेशी आहे.

वाशीमचा सगळ्यात जड प्रश्न मात्र अंगात येण्याचा नाही. २००६ मध्ये विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत वाशीम होता, आणि कारण होते शेतकऱ्यांच्या आत्महत्या. कर्ज आहे, बेभरवशाचा पाऊस आहे, सोयाबीन-कापसाचा भाव आहे. त्यांना मानसशास्त्राचे नाव देऊन झाकता येणार नाही आणि झाकू नये. पण त्याच कर्जाखाली एक माणूस गप्प होतो, झोपत नाही, जेवत नाही, आणि घरचे म्हणतात, टेन्शन घेतलंय, होईल बरं. किंवा म्हणतात, प्रारब्ध.

इथे कारंज्याच्या जैन परंपरेतली एक गोष्ट वर्गात आणण्याजोगी आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि पहिलाच आहे आर्तध्यान. नको ते वाट्याला आले की ते कसे टळेल याचाच घोर, हवे ते हातचे गेले की त्याचाच ध्यास, वेदनेचे चिंतन, आणि पुढच्या सुखाची आसक्ती. मन एकाग्र आहे, पण दुःखावर. अमेरिकेत सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९९१ मध्ये नैराश्य लांबवणाऱ्या ज्या विचार घोळवत राहण्याच्या सवयीचा सिद्धांत मांडला, तिच्याशी या वर्णनाचा चेहरा खूप जुळतो. दोन्ही एकच आहेत असे नव्हे. एकाचा हेतू मोक्ष, दुसऱ्याचा उपचार. त्याच सूत्रग्रंथात सल्लेखनेचे दोष सांगताना मरणाची इच्छा हाही एक दोष म्हणून दिला आहे. मृत्यूला शांतपणे सामोरे जाण्याचे व्रत सांगणारी परंपरा मरण मागणाऱ्या मनाला त्यापासून वेगळे काढते, ही बाब आत्महत्येवर बोलणाऱ्या कोणत्याही वर्गात यायला हवी.

उपचार पोचू शकतो, याचा पुरावा शेजारच्याच जिल्ह्यात आहे. अमरावतीच्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायचे आणि गरज असेल त्याला समुपदेशकाकडे व डॉक्टरकडे न्यायचे, अशी त्याची पद्धत होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. हे घडायला कुणाचा देव काढून घ्यावा लागला नाही.

ज्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, त्या गाडगेबाबांचे कीर्तनही प्रश्नांनी चालायचे. कर्ज काढून सण करता का, देवापुढे बकरे का कापता, असे ते समोरच्यालाच विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे. पोहरादेवीच्या यात्रेतल्या पशुबळींवर आजही जे बोलतात, त्यांना ही पद्धत उपयोगी पडते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला मुलाखतीचे तंत्र शिकवताना तिचा उल्लेख व्हावा. समोरच्याला हिणवले की तो बोलायचा थांबतो, हे बाबांना पुस्तकाशिवाय कळले होते.

बी.ए.ची पदवी म्हणजे उपचाराचा परवाना नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर पुढचे शिक्षण आणि नोंदणी लागते. वाशीमचे बहुतेक पदवीधर शिक्षक होतील, नोकरी शोधतील किंवा शेतीत परततील. तरी त्यांतल्या एखाद्याला शेजारच्या घरात तो गप्प झालेला माणूस दिसेल. त्याला थेट विचारायचे की जीव द्यावासा वाटतो का. असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, हे तो पदवीधर शिकलेला असतो. मग १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक लावून द्यायचा आणि त्याच्यासोबत जिल्हा रुग्णालयात जायचे. आणि त्या माणसाने प्रारब्धाचे नाव काढले तर? त्या शब्दात तो हार मानतोय की आपल्यावरचा दोष हलका करून घेतोय, हे वर्गीकरणात सापडत नाही. ते त्याला आणखी बोलू दिल्यावरच कळते.