घाट तोच, वारसा वेगळा

एकाच वर्षी ‘जिरो द’इटालिया’ आणि ‘टूर द फ्रान्स’ जिंकणे ही सायकलिंगमधली फार अवघड कामगिरी मानली जाते. मार्को पान्तानीने १९९८ मध्ये ती साधली, तेव्हा इटलीने त्याला डोक्यावर घेतले. सलग तीन वर्षे ती आजवर कोणाही पुरुषाला जमलेली नाही. टस्कनीच्या फाबियाना लुपेरीनीने मात्र १९९५, १९९६ आणि १९९७ मध्ये, म्हणजे पान्तानीच्याही आधी, महिलांची जिरो आणि फ्रान्समधली महिलांची टूर ओळीने जिंकली. तरीही तिला टोपणनाव मिळाले ते त्याच्यावरून : ‘पान्तानीना’.

यावरचा आक्षेप ठरलेला आहे. महिलांच्या शर्यती आखूड, स्पर्धक थोड्या, तेव्हा तुलनाच गैर. त्यात तथ्य आहे. पण टप्पे किती आणि अंतर किती, हे खेळाडू ठरवत नाहीत. संयोजकांनी आखडता घेतलेला हात खेळाडूच्या खात्यात उणे म्हणून का मांडायचा?

जिथे रस्ता एकच होता, तिथे काय घडले ते पाहावे. बेल्जियममधली महिलांची ‘फ्लेश वालोन’ १९९८ मध्ये सुरू झाली. ती पुरुषांच्याच दिवशी, हुई गावातल्या त्याच चढणीवर संपते. चढण जेमतेम तेराशे मीटरची, पण सरासरी चढ साडेनऊ टक्क्यांच्या वर आणि मधल्या वळणावर त्याच्या दुप्पट. खालीच जोर लावला की वर पाय भरून येतात. राखून ठेवावा तर पुढची निसटते. या हिशेबात लुपेरीनी पक्की होती. पहिली शर्यत तिनेच जिंकली, पुढे २००१ आणि २००२ मध्येही.

नियमही एकच होते. सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही, मग ती चालवणारा धिप्पाड पुरुष असो वा हलक्या चणीची स्त्री. २०१३ मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, लुपेरीनी याच नियमाखाली जिरोतून बाद झाली. नियम मोडला की बाद व्हायचेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण चढ आणि शिक्षा वाटताना आठवणारी समानता वारसा वाटताना कुठे जाते?

पुरुषांच्या टूरच्या संयोजकांनी १९८४ मध्ये महिलांची शर्यत सुरू केली आणि १९८९ नंतर अंग काढून घेतले. नव्या संयोजकांनी पुढे जी शर्यत चालवली, तीच लुपेरीनीने तीनदा जिंकली. नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि १९९८ मध्ये शर्यतीचे नाव बदलावे लागले. पुढे ती रोडावत गेली आणि २००९ नंतर बंद पडली. २०२२ मध्ये महिलांची टूर पुन्हा आली, मोठ्या पाठबळासह. पण मोजणी सुरू झाली ती एकपासून.

याउलट, १९८८ मध्ये सुरू झालेली महिलांची जिरो अडखळत का होईना, टिकली. म्हणूनच तिथे लुपेरीनीचा विक्रम आजही उभा आहे : १९९५ ते १९९८ ही सलग चार वर्षे आणि मग दहा वर्षांनी, २००८ मध्ये, पाचवे विजेतेपद. खेळाडू तीच, काळ तोच. एका देशात शर्यत जगली म्हणून विक्रम जगला. दुसऱ्या देशात तिचे विजय तळटीपेत गेले.

विक्रम खेळाडू करतो, पण तो सांभाळावा लागतो संस्थेला. महिलांच्या खेळात आज पैसा येतो आहे, त्याचे स्वागतच आहे. मात्र नव्या संस्थेने जुना इतिहासही अंगावर घ्यायला हवा. २०२२ पूर्वीच्या विजेत्यांची नावे टूरच्या अधिकृत यादीत घ्यायला निधी लागत नाही, प्रायोजकही लागत नाही. लागते ती एवढी कबुली, की या रस्त्यावर आपल्याआधीही कोणी जिंकले होते.