सुखारची विहीर आणि काशीचा नळ

शास्त्रवाचन : योहान ४:५–३०; २ शमुवेल २३:१३–१७



शोमरोनातील सुखार गावची ती स्त्री भर दुपारी घागर घेऊन याकोबाच्या विहिरीवर आली. तिचा आणि प्रभूचा संवाद आपणांपैकी बहुतेकांना शब्बाथ शाळेपासून परिचयाचा आहे. परंतु त्यातील तिची पहिली मागणी आपण घाईने ओलांडून जातो. प्रभू जिवंत पाण्याविषयी बोलत होता, आणि तिच्या मनात आले ते इतकेच की, असे पाणी मिळाले तर उन्हातान्हात येथवर येण्याची यातायात कायमची चुकेल. प्रवचनांतून या ठिकाणी तिच्या अजाणतेपणावर बोट ठेवण्याची प्रथा आहे. ज्यांच्या घरचे पाणी दुसरे कोणी भरीत असे अशा पुरुषांनीच ही प्रथा पाडली असावी. तिची मागणी एका थकलेल्या माणसाची मागणी होती, आणि प्रभूने तिच्याबद्दल तिला दोष दिल्याचे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्या रोजच्या जीवनात काय काय पालटले, याचा विचार करू लागलो की आगगाडी, वीज, दूरध्वनी आणि आता हातातील मोबाईल अशी नावे ओठांवर येतात. मला विचाराल तर यांत सर्वांत मोठा पालट स्वयंपाकघरातील नळाने घडविला. शोमरोनी स्त्रीची ती मागणी या काळात लक्षावधी घरांत शब्दशः पूर्ण झाली. ती कशी पूर्ण झाली आणि तिचे मोल कोण देत आहे, हे पाहण्यासाठी आपण काशीला जाऊ. पाण्याविषयी इतकी श्रद्धा असलेले दुसरे नगर आपल्या देशात क्वचितच सापडेल. शिवाय ते नगर आपणां मराठी माणसांना परके नाही.

पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पेशवाईपासून मराठी घराणी नांदत आली. तेथील विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभारले. झाशीची राणी लक्ष्मीबाई याच नगरात जन्मली. आपल्या ख्रिस्ती मंडळीवरही या नगराचे ऋण आहे. चित्पावन कुळातील नीळकंठशास्त्री गोऱ्हे काशीतच वाढले, तेथेच त्यांनी शास्त्रांचे अध्ययन केले, आणि मिशनऱ्यांचे खंडन करावयास निघालेले हे तरुण पंडित १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नहेम्या गोऱ्हे झाले. पुढे पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेला वळण लावणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांची कन्या एलन लक्ष्मी ही १८५३ साली काशीतच जन्मली. तिच्या जन्मानंतर लवकरच तिच्या आईचे निधन झाले, आणि त्या लेकीला परक्यांनी वाढविले. तिची इंग्रजी भक्तिगीते पुढे दूरदूरच्या मंडळ्यांत गाइली गेली.

त्या काळच्या शास्त्री घराण्यात पाणी म्हणजे काय होते, हे आजच्या तरुण वाचकाला समजावून सांगावे लागेल. पिण्याचे व देवाचे पाणी सोवळ्याने भरावयाचे, ते कोणाच्या हाताचे चालते आणि कोणाच्या हाताचे चालत नाही हे जन्मानेच ठरलेले, आणि वाटेत नको त्याचा स्पर्श झाला तर घागर ओतून पुन्हा घाटाच्या पायऱ्या उतरावयाच्या. अशा घरातील पुत्र ख्रिस्ती होई तेव्हा त्याची पंक्ती तुटे आणि त्याचे पाणी तुटे. पाण्याने बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी घरच्या पाण्याला तो पारखा झाला! विहिरीवरील त्या स्त्रीला यहूदी पुरुषाने पाणी मागितल्याचे आश्चर्य का वाटले, हे नीळकंठशास्त्र्यांना कोणा भाष्यकाराने सांगण्याची आवश्यकता नव्हती. यहूदी लोक शोमरोन्यांची भांडी वापरीत नसत. प्रभूजवळ पोहरा नव्हता. म्हणजे तो प्याला असता तर तिच्याच भांड्यातून.

काशीत नळाचे पाणी १८९२ साली आले. गंगेचे पाणी भदैनी येथे यंत्राने उचलावयाचे, भेलूपूर येथे गाळावयाचे आणि नळांनी शहरात न्यावयाचे, अशी ती योजना. ती सुखासुखी पार पडली नाही. पंपाच्या जागेलगतचे राममंदिर या कामात पाडले जाईल, या भीतीने एप्रिल १८९१ मध्ये नगरात मोठा दंगा उसळला आणि पाणीपुरवठ्याच्या यंत्रसामग्रीचीही मोडतोड झाली. त्यापूर्वी कोलकाता आणि मुंबई येथे नळ आले तेव्हा निराळाच वाद माजला होता : ज्या नळातून सर्व जातींच्या घरी पाणी जाते ते शुद्ध कसे मानावे? नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, तिचे काय करावे? वाद पुष्कळ झाला. शेवटी सोयीने शास्त्रावर मात केली, आणि नळ सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे साधले नव्हते त्यातील काही भाग एका लोखंडी नळीने गाजावाजा न करता साधला, हे मान्य केलेच पाहिजे. काही भाग म्हणतो, कारण याच काळात रेल्वेच्या स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या ऐकू येत होत्या.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पूर्वजांना तर नळ दूरच, साधा पाणवठाही खुला नव्हता. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंचा समुदाय घेऊन जावे लागले, आणि परतणाऱ्या लोकांनी मार खाल्ला. आज संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. संविधान लिहिणाऱ्यांना विहिरीचे नाव लिहावे लागले, यावरून त्या विहिरीवर काय काय घडत असे हे उमगते.

म्हणून जुने दिवस बरे होते, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसवत नाही. उपदेशकाच्या पुस्तकानेही तसे म्हणणाऱ्याच्या शहाणपणाविषयी शंका घेतलेली आहे. त्या दिवसांत पटकीची साथ आली की तळ्याकाठची आळीच्या आळी ओस पडे. रोगाचे मूळ पाण्यात आहे, हे जॉन स्नो या डॉक्टरांनी १८५४ साली लंडनमध्ये दाखविले, आणि तिचे जंतू रॉबर्ट कॉख यांना १८८४ साली कोलकात्याच्या एका तळ्यात सापडले. नळाने किती लेकरे वाचविली याचा हिशोब स्वर्गातच असेल. आणि बायकांच्या माना! पहाटेच्या पहिल्या खेपेपासून दिवेलागणीच्या शेवटच्या खेपेपर्यंत जे आयुष्य जात होते, त्यातून एका मुलीला शाळेसाठी दोन तास मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. हे काम अद्याप संपलेलेही नाही. २०१९ साली ‘जल जीवन’ योजना सुरू झाली तेव्हा देशातील ग्रामीण घरांपैकी सुमारे सतरा टक्के घरांतच नळ होता. त्यापुढील पाच-सहा वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणे नळजोडणीचा आकडा पंधरा कोटी घरांच्या पुढे गेला. तोटीतून रोज पाणी येते की नाही, हा प्रश्न निराळा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपण विसरलेलो नाही.

परंतु शोमरोनी स्त्रीच्या मागणीत आणखी एक पदर आहे. ती दुपारी का आली? गावातील बायकांची नजर चुकविण्यासाठी, असे अनेक भाष्यकार मानतात. तसे असेल तर तिला पाणी भरण्याचे कष्ट जसे चुकवावयाचे होते, तशी माणसेही चुकवावयाची होती. नळाने आपल्याला तीही सोय करून दिली. पाणी कोणाच्या हातून आले हे आता विचारावे लागत नाही, आणि वापरलेले पाणी कोणाच्या हाती जाते हेही विचारावे लागत नाही. मोरी धुतली, साखळी ओढली, की आपले काम संपले.

ते कोठे जाते हे काशीने साऱ्या देशाला दाखविले. १९०१ च्या जनगणनेत या नगराची वस्ती सुमारे दोन लाख होती, २०११ मध्ये ती सुमारे बारा लाख झाली. घरोघरी पाणी आले, त्याबरोबर घरोघरचे सांडपाणी वाढले, आणि ज्या गंगेतून पाणी उचलले तिच्याच पोटात ते नाल्यांनी परत जाऊ लागले. १४ जून १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांनी गंगा शुद्धीकरणाच्या योजनेचा प्रारंभ काशीच्याच घाटावरून केला. दीनापूर येथे सांडपाणी शुद्ध करण्याचे केंद्र झाले, आणि २०१८ साली तेथे दररोज चौदा कोटी लिटर क्षमतेचे दुसरे केंद्र सुरू झाले. याच नगरात वीरभद्र मिश्र नावाचे एक गृहस्थ होते. संकटमोचन मंदिराचे ते महंत, आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापक. पाण्यात किती घाण आहे हे ते प्रयोगशाळेत मोजवीत, आणि त्याच पाण्यात श्रद्धेने स्नान करीत. दोहोंपैकी एकही त्यांनी सोडले नाही, आणि २०१३ साली मृत्यू येईपर्यंत ते गंगेसाठी झगडत राहिले. त्यांची श्रद्धा आपली नव्हे. परंतु ज्यावर आपले प्रेम आहे त्याची घाण डोळे उघडे ठेवून मोजण्याचे त्यांचे धैर्य आपल्या मंडळीत असते तर बरे झाले असते.

आणि त्या नाल्यांच्या तोंडाशी, रस्त्याखालच्या अंधारात, माणसे उतरतात. काशीत, मुंबईत, पुण्यात, आपल्या तालुक्याच्या गावी. हाताने मैला काढण्यास बंदी करणारा कायदा १९९३ साली झाला, त्याहून कडक कायदा २०१३ साली झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरविले, आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मृत्यू थांबले नाहीत. विषारी वायूने पहिला खाली कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो, आणि पुष्कळदा दोघेही परत येत नाहीत. जुन्या काळी हाच माणूस टोपले घेऊन मागच्या दाराशी येई. त्याचा अपमान होई, पण त्याचा चेहरा तरी घरच्यांना ठाऊक असे. आता त्याचा चेहराही आपल्याला ठाऊक नाही.

दावीद अदुल्लामच्या गुहेत होता तेव्हाची गोष्ट आठवा. बेथलेहेमच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी प्यावे, अशी त्याला तळमळ लागली. त्याने आज्ञा केली नव्हती, तो नुसता बोलून गेला. त्याचे तीन वीर पलिष्ट्यांची छावणी फोडून गेले आणि पाणी घेऊन आले. दावीद तहानेला होता, पाणी स्वच्छ होते, आणि आणणारे जिवंत परतले होते. तरीही तो ते प्याला नाही. या पाण्यात त्याला त्या तिघांचे रक्त दिसले, आणि त्याने ते परमेश्वरापुढे ओतले. नुकसान झाले नसतानाही त्याला जोखीम दिसली. आपल्यापुढे तर प्रत्यक्ष मृतदेह आहेत, आणि आपण पेला ओठांना लावतो.

येथे कोणी म्हणेल, हे नगरपालिकेचे काम आहे, मंडळीचा याच्याशी काय संबंध? संबंध अगदी जवळचा आहे. आपली जुनी मिशन कंपाऊंडे, वसतिगृहे, शाळा, रुग्णालये आणि पाळकांचे बंगले यांतील अनेक ठिकाणी आजही संडासाच्या टाक्याच आहेत. त्या भरतात, आणि कोणीतरी त्या उपसतो. पंचमंडळाच्या सभेत घंटेच्या दुरुस्तीवर आणि नाताळच्या रोषणाईवर तासभर चर्चा होते. टाकी उपसण्याचे काम मात्र जो सर्वांत स्वस्तात करील त्याला दिले जाते. तो यंत्र आणणार की माणूस उतरवणार, हे विचारलेही जात नाही. ज्यांच्या आजोबांना विहिरीवर चढू दिले नव्हते त्यांच्या नातवांनी हा प्रश्न विचारू नये, याचे मला अतोनात दुःख होते.

तेव्हा येत्या सभेत खजिनदारांकडून एवढेच विचारून घ्यावे : गेल्या वेळी टाकी कोणी उपसली, त्याला काय दिले, आणि तो आत उतरला होता काय? उतरला असेल तर पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात यंत्राच्या गाडीचे पैसे धरावेत, मग रोषणाई कमी झाली तरी चालेल. आणि ती गाडी येईल त्या दिवशी पाळकांनी स्वतः तेथे हजर राहावे, गाडीवरील माणसांची नावे विचारावीत, आणि दुपार झाली असेल तर त्यांच्यासोबत बसून त्यांच्याच बाटलीतले पाणी प्यावे.