खाणीतली बाग आणि न घेतलेला पेला

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ३७-३८



या दोन श्लोकांत भगवंत सुखाची परीक्षा सांगतात. सुरुवातीला विषासारखं वाटतं पण शेवटी अमृत होतं, ते सात्त्विक सुख. सुरुवातीला अमृत आणि शेवटी विष, ते राजस. श्लोक माझे पाठ होते. अर्थ कळला तो एका रोड ट्रिपवर.

व्हँकुव्हरहून गाडी फेरीबोटीत चढवून आम्ही चार मित्र व्हँकुव्हर बेटावर गेलो. पहिला थांबा बुचार्ट गार्डन्स. तिथली सगळ्यात देखणी, खोलगट बाग म्हणजे मुळात चुनखडीची खाण. रॉबर्ट बुचार्ट यांचा सिमेंटचा कारखाना होता. दगड संपला आणि घराजवळ उरला नुसता ओसाड खड्डा. त्यांच्या पत्नी जेनी यांनी आसपासच्या शेतांतून घोडागाड्यांनी माती आणवली. कड्याच्या भेगांत वेली लावायला त्या स्वतः दोराला टांगलेल्या पाटावर बसून खाली उतरल्या, असं सांगतात. ही बाग पूर्ण झाली १९२१ मध्ये. कारखान्याचं जुनं धुराडं आजही तिथून दिसतं. आपण फुलांचे फोटो काढतो, पण आधीची कितीतरी वर्षं तिथे फक्त खड्डा आणि माती होती.

दुपारी मी सगळ्यांना जवळच्या एका सायडरीत नेलं. इथे सायडर म्हणजे सफरचंदाच्या रसाची दारू. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. त्यासाठीची काही सफरचंदं इतकी तुरट असतात की एक घास घेतला तरी तोंड वाकडं होतं.

टेबलावर छोटे छोटे पेले आले. मी पीत नाही. घरात कधी नव्हती, इच्छाही कधी झाली नाही. साधा रस मागवला आणि खरं सांगू? मनातल्या मनात कॉलर ताठ झाली.

तेवढ्यात एक मित्र उठला. "मी बाहेर थांबतो रे."

आठ महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडलीय, हे मला ठाऊक होतं. तरी "नुसतं बघून येऊ" म्हणत आग्रह मीच केला होता. बाहेर गेलो तर तो गाडीला टेकून उभा. म्हणाला, "वास आला की अजून जड जातं."

विषय सुटला तरी त्याची गोडी मागे उरते, हे दुसऱ्या अध्यायातलं सांगणं माझ्यासमोर उभं होतं. माझ्या न पिण्याला काय किंमत पडली होती? शून्य. ज्याची ओढच नाही ते सोडण्यात कसला संयम? श्लोकातलं सुरुवातीचं विष तो रोज गिळत होता, आणि त्याच्या वाट्याचं थोडं मी वाढवून ठेवलं होतं. दोष सफरचंदाचा नव्हता, आत बसलेल्या मित्रांचाही नव्हता. माझ्या नियमाचा मला अभिमान होता, पण शेजारच्या माणसाचं भान नव्हतं.

"चुकलं माझं," म्हणालो. तो हसला. "चल, चहा पाज."

परतताना ती माती आठवत राहिली. खाणीच्या पोटात माती नव्हती, ती दुसऱ्यांच्या शेतांतून आली. संगत म्हणजे तरी दुसरं काय?

आज स्वतःला एवढंच विचारूया : माझ्या ओळखीचं कोण असा खड्डा भरतंय? त्याला माझा उपदेश नको असेल. एक टोपली माती मी नेऊन देऊ शकतो का?

राम कृष्ण हरी!