दुःखाची मोजदाद

धम्मबांधवांनो, गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. त्यावर रस्ते दिसतील, घरे दिसतील. पण दुःख कोणत्या वस्तीत दाटले आहे, हे दिसेल काय?

शासन ते मोजू पाहते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेने ग्रामीण कुटुंबांच्या वंचिततेच्या सात कसोट्या ठरविल्या. एकाच कच्च्या खोलीचे घर, पंचविशीपुढील एकही साक्षर माणूस नसणे, भूमिहीन असून अंगमेहनतीच्या मजुरीवर जगणे या त्यांपैकी काही. अनुसूचित जाती-जमातीचे असणे, हीही एक कसोटी.

येथे बौद्ध माणूस अडखळतो. "१९५६ साली नागपुरास आम्ही जात टाकली, ती पुन्हा कागदावर का लिहावी?" प्रश्न प्रामाणिक आहे.

परंतु इतिहास पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान नव्हते. ते १९९० साली मिळाले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या जनगणनेत सुमारे ७ टक्के होते, १९९१ मध्ये ते सुमारे ११ टक्के झाले. माणसे का एकाएकी वाढली? नाही, मुख्यतः माप बदलले. त्याआधीही आपल्या झोपड्या आणि आपली मजुरी जागच्या जागीच होती. केवळ त्या हिशेबात नव्हती.

रोग्याने वैद्याला ताप सांगितला, म्हणून ताप हे रोग्याचे नाव होत नाही. बौद्ध ही आपली ओळख आहे. जात ही समाजाने केलेली जखम आहे. ओळख अभिमानाने लिहा, जखम लपवू नका.

मोजणाऱ्याचेही कर्तव्य आहे. साऱ्या गावाची सरासरी काढली की पक्क्या घरांच्या आकड्यांखाली मजुरांची वस्ती झाकली जाते. म्हणून मोजणी वस्तीवार हवी. आणि मोजून थांबणे हा अधर्मच होय. कूटदंत सुत्तातील राजाला सल्ला मिळतो की, चोरी दंडाने मिटणार नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला वेतन दे. ज्याची जी उणीव, त्याला तो उपाय. उणीव जाणल्याशिवाय उपाय कसा सुचेल?

तेव्हा वाचकहो, सरकारी माणसाची वाट पाहू नका. येत्या पौर्णिमेला विहारात बसा आणि आपल्या वस्तीचा नकाशा आपणच काढा. ज्या घरात वाचणारे कोणी नाही त्यावर खूण करा. मग एकमेकांना विचारा : उद्या संध्याकाळी त्या घरी पाटी घेऊन कोण जाणार?